जिन्नांची लढाई आणि पृथ्वीची चुंबकी शेपटी

हिजरी ३१०, म्हणजे इसवी सन ९२२. बगदादचा अब्बासी खलिफा मुक्तदिर याचं एक शिष्टमंडळ जवळजवळ वर्षभराचा प्रवास करून व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे पोचलं. हा मुलूख आज रशियातल्या तातारस्तानात येतो. या मंडळात अहमद इब्न फदलान नावाचा दूत होता. तिथे पोचल्यावर सुरुवातीलाच एका संध्याकाळी त्याने आकाशात जे पाहिलं, त्याने तो हादरून गेला. क्षितिज लाल झालं. वरून मोठा गलबला ऐकू आला. मान वर केली तर आगीसारखा लाल ढग, आणि त्यात माणसांसारख्या, घोड्यांसारख्या आकृत्या, हातात भाले-तलवारी असल्यासारख्या. समोरून तसाच दुसरा ढग आला आणि दोन्ही एकमेकांवर तुटून पडले. बगदादचे पाहुणे घाबरून दुआ मागू लागले. तिथली माणसं मात्र त्यांच्याकडे बघून हसत होती. त्यांना हे ओळखीचं होतं.

इब्न फदलानने राजाला याबद्दल विचारलं. राजा म्हणाला, आमचे वाडवडील सांगत आले आहेत की हे जिन्न आहेत. त्यांच्यातले मोमिन आणि काफिर दर संध्याकाळी लढतात.

अनेक अभ्यासकांच्या मते हे वर्णन ध्रुवीय प्रकाशाचं, म्हणजे अरोराचं आहे. इब्न फदलानच्या सफरनाम्याची सर्वांत पूर्ण हस्तलिखित प्रत १९२३ मध्ये इराणच्या मशहद शहरात झेकी वेलिदी तोगान या बश्कीर विद्वानाला सापडली. त्यामुळे हा मजकूर आज आपण नीट वाचू शकतो.

मला त्यात जिन्नांपेक्षा लिहिण्याची रीत मोलाची वाटते. मी काय पाहिलं ते एकीकडे. आम्ही काय केलं ते दुसरीकडे. त्याचा अर्थ काय, ते राजाच्या नावावर, आणि राजाने ते वाडवडिलांच्या नावावर. म्हणजे प्रत्येक गोष्ट कुणाच्या तोंडची आहे ते स्पष्ट. हदीसच्या अभ्यासाशी ज्यांचा थोडा परिचय आहे, त्यांना ही शिस्त लगेच ओळखू येईल. सांगितलेल्या गोष्टीआधी सनद विचारायची, रावी कोण ते पाहायचं.

हे आज सांगायचं कारण आहे. हल्ली कुठलाही वैज्ञानिक शोध लागला की आठ दिवसांत आपल्या ग्रुपवर मेसेज फिरतो: हे तर चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलेलं आहे. शेजारच्या ग्रुपवर पुराणातल्या विमानांचा मेसेज फिरत असतो. दोन्हीकडे दावा एकच, की मेहनत दुसऱ्यांनी केली, पण उत्तर आमच्याकडे आधीपासून तयार होतं. शाळेत शिकवणारा माणूस म्हणून मला यात मुलांचं नुकसान दिसतं. उत्तर आधीच मिळालेलं असेल तर रात्रभर जागून नोंदी कोण घेणार? म्हणून इब्न फदलानने पाहिलेल्या त्या ‘लढाई’चं मूळ शोधायला माणसाला किती आणि कसले श्रम पडले, तो इतिहास थोडा सविस्तर मांडतो.

सुई बोलू लागली

आपल्याकडे अनेक जानमाजांवर छोटं होकायंत्र असतं. किब्ल्याची दिशा बघायची आणि नमाज सुरू करायची, एवढाच आपला त्या सुईशी संबंध. सुई स्थिर झाली की आपलं काम झालं. पण पृथ्वीवर कुठेही ठेवलेली चुंबकी सुई पूर्ण स्थिर कधीच नसते. ती अगदी सूक्ष्म हलत असते, आणि कधीकधी काही मिनिटांत एकदम ढळते.

स्वीडनमधल्या उप्साला शहरात अँडर्स सेल्सियस (तापमापकाच्या अंशांमुळे आपल्याला माहीत असलेला तोच) आणि त्याचा सहकारी ओलोफ योर्टर यांनी १७४१ च्या सुमारास सुईच्या हजारो नोंदी घेतल्या. त्यांच्या लक्षात आलं की आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचू लागला की खोलीतली सुईही ढळते. त्याच काळात लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम हा घड्याळजी अशाच नोंदी घेत होता. ५ एप्रिल १७४१ रोजी दोन्ही शहरांत सुई एकाच वेळी बिघडली. दोन शहरं, दोन निरीक्षक, वेळ एकच. म्हणजे हा खोलीतला दोष नव्हता. आकाशातला प्रकाश आणि जमिनीवरची सुई यांना हलवणारं काहीतरी एकच होतं, आणि ते फार मोठं होतं.

पुढे १८०६ मध्ये बर्लिनमध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने महिनोन्‌महिने रात्री जागून अर्ध्या-अर्ध्या तासाने सुई वाचली. सुईच्या या खळबळीला ‘चुंबकी वादळ’ हे नाव त्याने दिलं. १८३० च्या दशकात गॉस आणि वेबर या दोघांनी गॉटिंगेनहून निरनिराळ्या देशांतल्या निरीक्षकांना जोडलं आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी दर पाच मिनिटांनी सुई वाचायची अशी पद्धत घालून दिली.

कुलाब्याची नोंदवही

या साखळीत मुंबई १८४१ मध्ये आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकी नोंदी सुरू झाल्या. माणसाने डोळा लावून मापनाचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, दिवसा आणि रात्री, दर तासाला. सुई अस्वस्थ दिसली तर दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावरच्या डागांजवळ एक पांढरा झगझगीत भडका पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर नोंदवलं गेलेलं एक सर्वांत प्रचंड चुंबकी वादळ आदळलं. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. युरोपातल्या अनेक ठिकाणी मोजमाप यंत्रांच्या पट्टीबाहेर गेलं. कुलाब्याला मात्र नोंद टिकली. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असतो. तो थोड्या वेळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जुनी नोंद अभ्यासून जगापुढे मांडली. लखिना आणि अ‍ॅलेक्स हे आपल्या नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. दीडशे वर्षांपूर्वी वहीत आकडे लिहिणाऱ्यांना आपण काय लिहितोय याची कल्पना असणं शक्य नव्हतं. त्यांनी फक्त नागा केली नाही.

या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे सुई बिघडणार हे उघड होतं. मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि १९०४ पासून तिथे, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, नोंदी सुरू केल्या. मग १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट सांधता यावी. १९१० मध्ये त्यांनी मुंबईच्या १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचा आणि त्यावरच्या विवेचनाचा मोठा ग्रंथ काढला. एक रावी दुसऱ्या रावीला खरोखर भेटला होता का, हे मुहद्दिस तपासत. मूस यांनी दोन वेधशाळांची भेट घडवून आणली, असंच मी म्हणेन.

पण मुंबईहून मोठी वादळं दिसतात, ती बहुतेक सूर्यावरच्या मोठ्या स्फोटांतून येतात. इब्न फदलानच्या यजमानांना जे अनेकदा दिसायचं, ते याहून लहान आणि कितीतरी वारंवार घडणारं होतं. ते उत्तरेत जाऊनच शोधावं लागणार होतं.

दोन विद्वानांचा इख्तिलाफ

नॉर्वेचा क्रिस्टियान बिर्केलँड तिथे गेला. त्याच्या आधीच्या एका मोहिमेत हिमलोटात सापडून एका तरुण सहकाऱ्याचा जीव गेला होता. तरी १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्याने चार ठिकाणी ठाणी मांडली: उत्तर नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या. चारही ठिकाणी सुया, चारही ठिकाणी घड्याळं. त्याला दिसलं की ध्रुवीय प्रदेशात रात्रीच्या वेळी एक विशिष्ट, थोड्या वेळाचं वादळ पुन्हापुन्हा येतं. त्याला त्याने ‘प्राथमिक ध्रुवीय वादळ’ म्हटलं. नोंदींवरून त्याने गणित मांडलं की जमिनीपासून शे-सव्वाशे किलोमीटर उंचीवर लाखो अँपियरचा विद्युतप्रवाह वाहत असला पाहिजे. आणि हा प्रवाह अवकाशातून, पृथ्वीच्या चुंबकी रेषांवरून खाली उतरतो आणि तसाच परत वर जातो. प्रयोगशाळेतल्या निर्वात पेटीत चुंबकी गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडून त्याने ध्रुवाभोवतीची चमक दाखवलीसुद्धा.

१९१७ मध्ये टोकियोत बिर्केलँड वारला. वय ४९. त्यानंतरच्या काळात या क्षेत्रातला सर्वांत मोठा अधिकारी होता इंग्रज गणिती सिडनी चॅपमन. त्याचं म्हणणं, अवकाशातून खाली उतरणारा प्रवाह मानायची गरज नाही. जमिनीवरच्या सर्व नोंदी आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, आडव्या वाहणाऱ्या प्रवाहांनी समजावता येतात. बिर्केलँडचं म्हणणं अनेक दशकं अडगळीत पडलं. स्वीडनचा हानेस आल्फवेन जवळजवळ एकटा त्याची बाजू लढवत राहिला.

चॅपमन हट्टी होता असं म्हणून हा इतिहास संपवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. अडचण खरी होती. जमिनीवरची सुई कितीही चांगली वाचली तरी तिच्या एकट्या साक्षीवरून वरचा प्रवाह आडवा आहे की उभा, हे निश्चित ठरत नाही. उभ्या प्रवाहाचा आणि त्याला जोडणाऱ्या आडव्या प्रवाहाचा परिणाम जमिनीवर बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून टाकतो. म्हणजे दोन्ही पक्षांच्या हातात तोच पुरावा होता आणि तो अपुरा होता. गवाह वर पाठवावा लागणार होता.

तो १९६३ मध्ये गेला. सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका अमेरिकी उपग्रहाला ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना चुंबकी खळबळ जाणवली. १९६६ मध्ये आल्फ्रेड झ्मुडा आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, आणि सुरुवातीला तिचा अर्थ ‘लहरी’ असा लावला गेला. दुसऱ्याच वर्षी डब्ल्यू. डी. कमिंग्ज आणि ए. जे. डेस्लर यांनी दाखवलं की हे तर चुंबकी रेषांवरून वाहणारे प्रवाह आहेत, बिर्केलँडने सांगितलेले. आज त्यांना बिर्केलँड प्रवाहच म्हणतात. नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या नोटेवर पुढे त्याचं चित्र आलं.

वादळ मागून येतं

मधल्या काळात चॅपमनच्याच एका जपानी शिष्याने मोठं काम केलं होतं. स्युन-इची अकासोफू. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उत्तर ध्रुवाभोवती जागोजागी सगळं आकाश टिपणारे कॅमेरे लावले होते. या वर्षाच्या समितीचा अध्यक्ष स्वतः चॅपमन होता. अकासोफूने हजारो फोटो वेळेनुसार शेजारी शेजारी मांडले आणि १९६४ मध्ये सांगितलं की हा प्रकाश मनमानी नाचत नाही. त्याचा एक ठरलेला क्रम आहे. मध्यरात्रीच्या बाजूला पूर्व-पश्चिम पसरलेला शांत पट्टा अचानक उजळतो, ध्रुवाकडे झेपावतो, पश्चिमेकडे लाट सरकते, सगळा आकार तुकड्यांत फुटतो आणि तास-दोन तासांत पुन्हा शांत होतो. याला नाव पडलं ‘सबस्टॉर्म’. आपण उपवादळ म्हणू. बिर्केलँडचं ‘प्राथमिक वादळ’ते हेच. दिवसातून अनेकदा येऊ शकणारं.

पण ते मध्यरात्रीच्या बाजूलाच का? ऊर्जा तर सूर्याकडून येते, आणि सूर्य तर दिवसाच्या बाजूला.

याचं उत्तर पृथ्वीच्या पाठीमागे होतं. सूर्यापासून सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. या कणांच्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीचं चुंबकत्व या वाऱ्याला अडवतं. दिवसाच्या बाजूला ते पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ हजार किलोमीटरपर्यंत दाबलं जातं. रात्रीच्या बाजूला मात्र, पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे लांब माग उमटावा तसं, ते ओढलं जातं आणि चंद्राच्या कक्षेपलीकडे पसरतं. हीच पृथ्वीची चुंबकी शेपटी. नोव्हेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या एक्सप्लोरर-१८ या यानाच्या मोजमापावरून नॉर्मन नेस याने १९६५ मध्ये तिचं स्वरूप स्पष्टपणे मांडलं.

शेपटीच्या वरच्या अर्ध्यात चुंबकी रेषा पृथ्वीकडे येतात, खालच्या अर्ध्यात पृथ्वीपासून दूर जातात. मध्ये प्लाझ्माचा पातळ थर दोघींना वेगळं ठेवतो. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स डंगी याने १९६१ मध्येच सुचवलं होतं की सूर्यवाऱ्याबरोबर येणारं चुंबकत्व दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पुढच्या बाजूला पृथ्वीच्या रेषांशी जोडलं जातं, त्या रेषा मागे ओढल्या जातात आणि शेपटीत साठतात. बेचकीचं रबर ताणत जावं तसं तासभर हे ताणणं चालतं. मधला थर पातळ होत जातो. मग एका क्षणी विरुद्ध दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. याला पुनर्जोडणी म्हणतात. ताणलेलं रबर सुटतं. प्लाझ्माचा एक लोट पृथ्वीकडे, एक दूर अवकाशात. पृथ्वीकडच्या इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो, ते रेषांवरून खाली येऊन वातावरणावर आदळतात, आणि व्होल्गाकाठचा माणूस म्हणतो, बघा, लढाई सुरू झाली.

म्हणजे दिसतं डोक्यावर, पण घडतं पाठीमागे, लाखभर किलोमीटर दूर, अंधारात.

गोंगाट की आवाज?

इतक्या दूर काही तुटलं, ही खबर पृथ्वीपर्यंत पोचते कशी? लहरींनी. आल्फवेनने १९४२ मध्ये सांगितलं होतं की चुंबकी रेषांनी बांधलेला प्लाझ्मा तंबोऱ्याच्या तारेसारखा कंप पावू शकतो. या लहरींना त्याचं नाव आहे आणि त्याला १९७० मध्ये नोबेल मिळालं. उपवादळ सुटलं की असे कंप निघतात. त्यातले ४० ते १५० सेकंदांच्या आवर्तनाचे ‘पीआय-२’ नावाचे कंप रात्रीच्या बाजूला असलेल्या, ध्रुवापासून खूप दूरच्या वेधशाळांतही टिपले जातात. लॅपलँडला आकाश उजळतं, तेव्हा आपल्या अक्षांशांवर रात्र असेल तर इथल्या संवेदनशील यंत्रातही बारीकशी थरथर उमटते. डोळ्यांना काहीही दिसत नाही.

शेपटीत याहून फार वेगवान लहरीही आहेत. १९७० च्या दशकात यानांना तिथे एक विद्युत गोंगाट ऐकू आला. कमी वारंवारतेपासून जास्त वारंवारतेपर्यंत सगळीकडे पसरलेला. यंत्रं बेरीज करून सरासरी देत होती, त्यामुळे तो रेडिओच्या खरखरीसारखा दिसायचा, आणि नावही पडलं ‘नॉइज’. १९९२ मध्ये जपानने जिओटेल हे यान पाठवलं. त्यात लहरीचा आकार जसाच्या तसा टिपणारं यंत्र होतं. १९९४ मध्ये हिरोशी मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती खरखर नव्हतीच. ती सुट्या-सुट्या, नेमक्या आकाराच्या ठोक्यांची रांग होती. वेगवान इलेक्ट्रॉनांचे झोत प्लाझ्मातून जाताना असे ठोके उमटतात. हे नेमके कसे निर्माण होतात, या सिद्धांतावर पुढे लखिना आणि त्यांच्या नवी मुंबईच्या सहकाऱ्यांनीही काम केलं आहे.

आधी काय घडलं?

तरीही एक वाद उरला होता आणि तो तीस वर्षं पेटला होता. उपवादळाची ठिणगी कुठे पडते? एक पक्ष म्हणे, आधी वीस-पंचवीस पृथ्वी-त्रिज्यांवर पुनर्जोडणी होते, तिचा लोट आत येतो, मग प्रकाश. दुसरा पक्ष म्हणे, आधी पृथ्वीजवळ, साधारण दहा त्रिज्यांवर, शेपटीतला प्रवाह कोसळतो, मग प्रकाश, आणि पुनर्जोडणी ही नंतरची गोष्ट. दोन्ही घटना घडतात यावर दोघांचं एकमत. वाद फक्त क्रमाचा. आणि सगळा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतो. एकट्या यानाला हे सांगता येत नाही. ते जिथे आहे तिथलंच पाहतं.

म्हणून १७ फेब्रुवारी २००७ रोजी पाच याने एकदम सोडली गेली. मोहिमेचं नाव थेमिस, ग्रीकांची न्यायदेवता. कक्षा अशा आखल्या की दर चार दिवसांनी पाचही याने शेपटीत एका ओळीत येतील, कोणी जवळ, कोणी दूर. खाली अलास्का आणि कॅनडात कॅमेरे आणि चुंबकमापकं असलेली वीस ठाणी. २६ फेब्रुवारी २००८ रोजी उपवादळ ओळीत उभ्या असलेल्या या गवाहांसमोर घडलं. वासिलिस अँगेलोपोलस आणि सहकाऱ्यांनी वेळा जुळवल्या. आधी सुमारे वीस त्रिज्यांवर पुनर्जोडणीची चिन्हं. साधारण दीड मिनिटाने प्रकाश उजळला. जवळच्या भागातली पडझड त्याच्याही नंतर. त्या दिवसापुरता तरी पहिल्या पक्षाचा निकाल लागला.

‘त्या दिवसापुरता’ म्हणतो, कारण दुसऱ्या पक्षाने आक्षेप नोंदवले, आणि २०१० मध्ये त्याच मोहिमेच्या कॅमेऱ्यांवरून दिसलं की अनेकदा मुख्य उजळण्याच्या काही मिनिटं आधी ध्रुवाकडून प्रकाशाच्या बारीक धारा खाली सरकत येतात. म्हणजे ‘आधी’च्याही आधी काही असू शकतं. २०१५ मध्ये एकमेकांपासून अगदी कमी अंतरावर उडणारी चार याने गेली. ११ जुलै २०१७ रोजी ती शेपटीत थेट पुनर्जोडणीच्या जागेतूनच गेली आणि इलेक्ट्रॉन सेकंदाला १५ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने फेकले जाताना त्यांनी मोजले. इख्तिलाफ चालू आहे. कोणी कोणाला दीनबाहेर काढलेलं नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असंही कोणी विचारेल. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात चुंबकी वादळामुळे जमिनीत उमटलेल्या प्रवाहांनी वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं. सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. एप्रिल २०१० मध्ये एका उपवादळानंतर गॅलेक्सी-१५ हा दूरसंचार उपग्रह जमिनीवरून दिलेले हुकूम ऐकेनासा झाला आणि कित्येक महिने तसाच भरकटत राहिला. ज्या उपग्रहांवर आपला टीव्ही, हवामानाचा अंदाज आणि बोटीवरच्या मच्छीमाराची दिशा अवलंबून आहे, ते याच वादळांतून फिरत असतात.

पण माझ्यासाठी मुद्दा उपयोगाच्याही थोडा अलीकडे आहे. या हजार-अकराशे वर्षांच्या गोष्टीत कोणाकडेही तयार उत्तर नव्हतं. बिर्केलँड प्रवाहांबाबत बरोबर होता, पण त्याला वाटायचं की इलेक्ट्रॉनांचे झोत थेट सूर्याकडून येतात. शेपटीची त्याला कल्पना नव्हती. चॅपमन प्रवाहांबाबत चुकला, पण ज्या फोटोंनी उपवादळ सापडलं ते त्याच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेचे होते. यांत स्वीडिश आहेत, जर्मन आहेत, जपानी आहेत, ग्रीक आहेत, एक पारशी बावाजी आहेत. सुरुवातीला एक बगदादी मुसलमान आहे, ज्याने आकाशाचं कोडं सोडवलं नाही, पण जे पाहिलं ते पाहिलं तसं लिहिलं. त्याच्या वारशावर हक्क सांगायचा असेल तर तो असा सांगता येईल. मेसेज पुढे ढकलून तो मिळत नाही.

आपल्या मुलांना विज्ञानात पाठवायचं असेल तर त्यांना दोन प्रश्न विचारायची सवय लावू या. हे कोणी पाहिलं? आणि आधी काय घडलं? मदरशात हदीस शिकलेल्या मुलाला पहिला प्रश्न नवा नाही. दुसरा प्रश्न इतिहासाच्या तासाला शिकवता येतो. दोन्ही जोडायला प्रयोगशाळा लागत नाही.

अलिबागला आपण कुटुंबासह जातो, ओहोटी बघून किल्ल्यावर जातो, खजूर-फरसाण खाऊन परत येतो. त्याच गावात १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू आहे. पुढच्या वेळी मुलांना निदान बाहेरून ती इमारत दाखवा आणि इब्न फदलानची गोष्ट सांगा. जिन्नांची लढाई ऐकायला त्यांना आवडेल. मग सुईची गोष्टही ऐकतील.